गावात राहून शायनी आणि लकी पोकेमॉन: आधी काय, नंतर काय

पोकेमॉन गो खेळणाऱ्या आपल्याकडच्या पोरांचं पालुपद ठरलेलं आहे: "नागपूर-अमरावतीवाल्यांना शायनी (वेगळ्या रंगाचे दुर्मिळ पोकेमॉन) भेटतात, आमच्या गावात कायचं काय!" यातलं अर्धं खरं आहे. गावात पोकेस्टॉप (नकाशावरचे वस्तू देणारे थांबे) दोन-तीन, पोकेमॉन मोजके, रेडला (अनेकांनी मिळून मारायच्या मोठ्या लढाईला) माणसं नाहीत. उरलेलं अर्धं मात्र क्रम चुकल्यामुळे होतं. जागा भरली म्हणून जुने पोकेमॉन ट्रान्सफर करून (म्हणजे कायमचे सोडून) टाकायचे, शायनी हाती लागली की त्याच दिवशी महागात ट्रेड (दोस्ताशी अदलाबदल) करायची, लकी फ्रेंड (ज्याच्याशी पुढचा ट्रेड नक्की लकी ठरतो असा दोस्त) झाल्यावर पहिलाच ट्रेड कुठल्यातरी फालतू रटाटावर उडवायचा. शहरवाल्याला हे परवडतं, त्याला उद्या पुन्हा मिळेल. गावातल्या खेळाडूला परवडत नाही.

माझं मत साफ आहे. शायनीच्या बाबतीत गाव मागे राहणारच. लकीच्या (ट्रेडमध्येच मिळणाऱ्या, कमी खर्चात वाढणाऱ्या पोकेमॉनच्या) बाबतीत मागे राहायचं काही कारण नाही, कारण त्याला लागतात जुने पोकेमॉन आणि रोज नेमाने गिफ्ट उघडणारा एक दोस्त. म्हणून खालच्या क्रमात मेहनत लकीवर जास्त आणि शायनीवर बेताची ठेवली आहे.

सुरुवातीला एवढं पक्कं करा

शायनी आणि लकी या दोन वेगळ्या चिठ्ठ्या आहेत आणि त्या वेगवेगळ्या वेळी उघडतात.

शायनीची चिठ्ठी तुम्ही पोकेमॉनवर बोट ठेवता तेव्हा तुमच्यापुरती उघडते. नकाशावर तो नेहमीच्याच रंगात दिसतो. समोरासमोर आल्यावर रंग वेगळा निघतो, अंगावर चांदण्या चमकतात आणि नावाजवळ चिन्ह येतं. एकाच ठिकाणी उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाला शायनी आणि दुसऱ्याला साधा दिसू शकतो.

लकीची चिठ्ठी फक्त ट्रेडच्या वेळी उघडते. रानात लकी पोकेमॉन सापडत नाही, अंड्यातून निघत नाही. ट्रेडमध्ये लकी निघाला तर दोन्ही बाजूंचा निघतो. फायदा असा की त्याला वाढवायला निम्मंच स्टारडस्ट (पोकेमॉन वाढवायला खर्चायची पूड) लागतं, आणि तिन्ही आयव्ही (हल्ला, बचाव आणि दम यांचे ० ते १५ मधले जन्मजात आकडे) कमीत कमी १२ असतात. साध्या पोकेमॉनला पहिल्यापासून चाळीसाव्या लेव्हलपर्यंत न्यायला २,७०,००० स्टारडस्ट जातं, लकीला १,३५,०००. स्टारडस्ट मिळायला पोकेमॉन धरावे लागतात आणि गावात तेच कमी, त्यामुळे हा फायदा आपल्याला शहरवाल्यापेक्षा जास्त कामाचा.

आकड्यांचं म्हणाल तर खेळ बनवणारे सगळे आकडे जाहीर करत नाहीत. खेळाडूंनी हजारो नोंदी जुळवून काढलेले अंदाज आहेत, तेच पुढे वापरतो. रानातला साधा पोकेमॉन शायनी निघण्याची शक्यता सुमारे ५०० मध्ये १. कम्युनिटी डेला (ठरलेला एक पोकेमॉन भरपूर येतो त्या दिवशी) त्या दिवसाच्या पोकेमॉनची सुमारे २५ मध्ये १. पाच ताऱ्यांच्या रेडमधल्या लेजंडरीची (बलाढ्य, दुर्मिळ पोकेमॉनची) सुमारे २० मध्ये १.

इशारा: "चारशे तपासले, आता येतच असेल" हा हिशोब खोटा आहे. प्रत्येक चिठ्ठी नवी असते. ५०० मध्ये १ या दराने पाचशे तपासल्यावरही शंभरातले ३७ खेळाडू रिकाम्या हातानेच राहतात.

टप्पा १: जागा आणि नाणी

सुरुवातीला पोकेमॉन ठेवायची जागा ३०० ची असते. ती भरली की पोरं जुन्यापासून ट्रान्सफर करतात, आणि पहिला घाव तिथेच बसतो. जुना पोकेमॉन दिसायला कितीही टुकार असला तरी लकीच्या ट्रेडमध्ये तोच चालतो. ट्रान्सफर करायचेच तर नवे करा.

त्यासाठी सर्चच्या खिडकीचा उपयोग करा. खेळ इंग्रजीत ठेवला असेल तर इंग्रजीतून 'एज', लगेच ३६५ हा आकडा आणि आडवी रेघ लिहिली की वर्ष उलटलेले सगळे पोकेमॉन समोर येतात. त्यांच्यावर टॅग लावून ठेवा. खेळ हिंदीत ठेवला असेल तर शब्दही हिंदीतले चालतात, इंग्रजीतले चालतीलच असं नाही. मग "सर्च बिघडला" म्हणून बोंबलू नका.

जागा वाढवायला नाणी लागतात आणि नाणी जिममधून (आपला पोकेमॉन बसवून राखायच्या ठिकाणाहून) मिळतात. इथे गावाची एक खास अडचण आहे. तुमचा पोकेमॉन जिममध्ये बसला की दर दहा मिनिटांना एक नाणं जमतं, पण हातात येतं ते पोकेमॉन हरून परत आल्यावर, आणि तेही दिवसाला जास्तीत जास्त ५०. शहरात कोणीतरी रोज पाडतं. आपल्याकडे मारुतीच्या देवळावरच्या जिममध्ये पोकेमॉन पोळ्याला बसवला तर दिवाळीला उतरतो, आणि इतक्या दिवसांचे ५० च मिळतात. यावर उपाय सोपा. गावातल्या दोघांनी मुद्दाम वेगवेगळ्या टीम घ्या आणि एकमेकांचे पोकेमॉन पाडत चला. बसवल्यापासून साडेआठ तासांनी पाडला तर दिवसाचा कोटा पुरा भरतो.

तपासा: वर्ष उलटलेल्या पोकेमॉनवर टॅग लागला का? चाळीस-पन्नास जागा मोकळ्या आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: दोस्त निवडणं

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा थांबून वाचा.

गिफ्ट उघडणं, एकत्र रेड मारणं, आपसात लढणं, ट्रेड करणं यांपैकी दिवसात एक गोष्ट केली की दोस्तीचा एक दिवस मोजला जातो. असे ९० दिवस भरले की बेस्ट फ्रेंड. दिवस सलग असावे लागत नाहीत, खाडा पडला तरी पहिले दिवस बुडत नाहीत. बेस्ट फ्रेंड झाल्यानंतर रोजच्या पहिल्या भेटीत लकी फ्रेंड होण्याची छोटीशी शक्यता असते, अंदाजे शंभरात एक-दोन. तशी लागली की त्या दोघांचा पुढचा एक ट्रेड शंभर टक्के लकी.

आता पोरं काय करतात? इंटरनेटवरून कोड उचलून जपान-ब्राझीलचे शंभर दोस्त जोडतात. गिफ्टसाठी ठीक आहे, परदेशातलं पोस्टकार्ड पाहायलाही गंमत वाटते. पण नेहमीच्या ट्रेडसाठी दोघं साधारण १०० मीटरच्या आत असावे लागतात. ब्राझीलचा दोस्त लकी निघाला तर त्याला आर्वीच्या स्टँडवर कोण आणणार?

म्हणून दोस्तांचे दोन गट करा. पहिल्या गटात महिन्या-दोन महिन्यांतून प्रत्यक्ष भेटणारे: चुलतभाऊ, मावसभाऊ, तालुक्याच्या कॉलेजातला मित्र, पुण्यात नोकरीला असलेला पण दिवाळीला घरी येणारा भाऊ. असे चार-पाच पुरे. यांचं गिफ्ट रोज उघडायचंच. दुसऱ्या गटात बाकीचे सगळे, त्यांचं गिफ्ट जमेल तेव्हा.

गिफ्ट मिळतात पोकेस्टॉपवरून. घरून स्टॉप लागत नसेल तर दूध घालायला, दळण आणायला किंवा एसटी पकडायला जाता-येता फिरवून घ्या, संध्याकाळी पाठवून टाका. उघडायला स्टॉपची गरज नाही, शेतात बसूनही उघडता येतं. पोकेबॉलची टंचाई असते त्यालाही गिफ्टचा आधार होतो. शिवाय रोजचा फुकट डेली इन्सेन्स (पोकेमॉन ओढून आणणारा धूप) लावला आणि बॉल ३० पेक्षा कमी असले तर तो ३० पर्यंत भरून देतो. हे पुष्कळांना माहीतच नसतं.

गावात स्टॉपच नसेल तर वरच्या लेव्हलच्या खेळाडूकडून प्रस्ताव पाठवून घ्या. देऊळ, समाजमंदिर, सार्वजनिक वाचनालय, पुतळा, व्यायामाचं मैदान यांना संधी असते. जिल्हा परिषदेची शाळा पाठवू नका, शाळेचं आवार नियमात बसत नाही. कोणाचं राहतं घर तर नाहीच नाही. अगदी खेटून असलेली दोन ठिकाणं पाठवली तर मंजूर होऊनही खेळात एकच दिसतं.

इशारा: एकाच माणसाने दोन खाती चालवून स्वतःशीच दोस्ती करणं नियमाबाहेर आहे. जागा खोटी दाखवणारी ॲप तर हात लावू नये अशी. आधी समज मिळते, मग महिनाभर खातं बंद, मग कायमचं. वर्षानुवर्षं जपलेला जुना माल एका दिवसात जातो.

आणखी एक घोळ. लकी एग नावाची जी वस्तू असते तिचा लकी पोकेमॉनशी काही संबंध नाही. तिने फक्त एक्सपी (लेव्हल चढवणारे अनुभवाचे गुण) दुप्पट होतो. लकी एग लावून ट्रेड करत बसणारे मी पाहिले आहेत. ती वापरायचीच तर दोस्ती बेस्ट फ्रेंडवर चढायच्या दिवशी वापरा. त्या दिवशी मिळणारा १,००,००० एक्सपी दुप्पट होतो. दोघांनी फोनवर वेळ ठरवून, दोघांनी एग लावून, मग एकाने गिफ्ट उघडायचं.

टप्पा ३: रोजची शायनी तपासणी

इथे फार काही करायचं नसतं. जो दिसेल त्यावर बोट ठेवा, रंग पाहा, साधा असेल तर बॉल असतील तसा धरा किंवा पळा. बस. बेरी, बॉलचा रंग, पावसाचं किंवा उन्हाचं हवामान, यातल्या कशानेही शायनीची शक्यता वाढत नाही. ल्युअरने (स्टॉपवर लावायच्या आमिषाने) आणि इन्सेन्सने पोकेमॉन जास्त येतात, म्हणजे चिठ्ठ्या जास्त उघडतात, एवढंच.

डेली इन्सेन्स १५ मिनिटांचा असतो. तो लावून बाजेवर बसून राहिलात तर वाया गेला म्हणून समजा. चालत राहिलं तरच पोकेमॉन भराभर येतात. वस्तीतून, डांबरी रस्त्याने एक फेरी पुरते. अंडी उबवायची असतील तर ॲडव्हेंचर सिंक चालू ठेवा, म्हणजे ॲप बंद असताना शेतात जाण्या-येण्याची चालही मोजली जाते. मोटारसायकलवरचे किलोमीटर अंड्यात धरले जात नाहीत, ताशी दहा किलोमीटरच्या वर वेग गेला की मोजणी थांबते. तेव्हा गाडी चालवताना फोन खिशातच राहू द्या.

शायनी समोर आली आणि बॉल संपले असतील तर घाबरू नका. बाहेर पडून जवळच्या स्टॉपवरून बॉल घेऊन या. नकाशावर तो असेपर्यंत तुमच्यासाठी शायनीच राहतो. मात्र रानातली शायनी पळूही शकते, त्यामुळे हातात चांगला बॉल असेल तर तोच आधी टाका. रेडमधली लेजंडरी शायनी मात्र बॉल लागला की आतच राहते, तिच्यावर खुशाल पायनॅप बेरी वापरा.

इशारा: हा खेळातला नाही, जिवाचा आहे. पोकेमॉनच्या मागे अंधारात दुसऱ्याच्या वावरात शिरू नका. रानडुकरांसाठी काही ठिकाणी बेकायदा वीज सोडलेली तार लावतात, ती रात्री दिसत नाही. पावसाळ्यात धुऱ्यावर साप. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या जंगलालगतच्या गावांत पहाटे आणि दिवेलागणीनंतर इन्सेन्स लावून फिरणं म्हणजे वेडेपणा.

टप्पा ४: कम्युनिटी डे वाया घालवू नका

गावातल्या खेळाडूचा शायनीचा खरा दिवस हाच. बहुतेक वेळा दुपारी २ ते ५. या तीन तासांत ७५ पोकेमॉन तपासले तर एखादी तरी शायनी भेटण्याची शक्यता ९५ टक्क्यांच्या घरात जाते. गावात पंचवीसच दिसले तर ६४ टक्के. म्हणून त्या दिवशी तालुक्याला जायचं.

जायच्या आधी हे करा:

१. आदल्या आठवड्यात बाजाराला गेलात की नकाशा उघडून पाहून ठेवा. देवळं, पुतळे, बाग जवळजवळ असतील अशी जागा हवी. एसटी स्टँड सोयीचा असतो, सावलीही मिळते.

२. शंभर तरी बॉल साठवा. नसतील तर साधे पोकेमॉन धरायचेच नाहीत, फक्त तपासून पुढे जायचं.

३. जागा रिकामी करा, पण टप्पा १ मधला टॅग लावलेला माल सोडून.

४. पॉवर बँक रात्रीच चार्ज करा. सकाळी लाईट जाणार नाही याची खात्री कोणीच देत नाही.

एप्रिल-मेमधली दुपारी दोनची वेळ आपल्याकडे कशी असते ते सांगायला नको. उन्हात फोन हातात धरला की आधी स्क्रीन अंधूक होते, मग फोन तापल्याची पाटी येते आणि सगळं बंद पडतं. तापलेला फोन थंड पाण्याच्या बाटलीला चिकटवू नका, आत दमट होतो. सावलीत जा, कव्हर काढा, चार्जिंग थांबवा. टिनाच्या शेडखाली उभे राहिलात तर जीपीएस भरकटतो, झाडाची सावली बरी. आणि डोक्याला दुपट्टा.

त्या दिवशी हाती लागलेल्या जास्तीच्या शायनी लगेच वाटून टाकू नका. का, ते पुढच्या टप्प्यात.

टप्पा ५: ट्रेडचा दिवस

ट्रेडला बसण्याआधी दर समजून घ्या. तुमच्या पोकेडेक्समध्ये (आजवर मिळालेल्या पोकेमॉनच्या नोंदवहीत) आधीच नोंद असलेल्या साध्या पोकेमॉनचा ट्रेड १०० स्टारडस्टमध्ये होतो. शायनी, लेजंडरी आणि नोंद नसलेला पोकेमॉन यांचा होतो स्पेशल ट्रेड, आणि तो दिवसाला एकच. दोस्तीच्या पायऱ्या गुड, ग्रेट, अल्ट्रा, बेस्ट अशा चढत जातात. नोंद नसलेल्या शायनी किंवा लेजंडरीला गुड फ्रेंडशी १०,००,००० स्टारडस्ट लागतं, ग्रेटशी ८,००,०००, अल्ट्राशी ८०,००० आणि बेस्टशी ४०,०००. कम्युनिटी डेच्या संध्याकाळी कालच जोडलेल्या दोस्ताशी शायनी बदलण्यात काय हशील, ते या आकड्यांवरूनच कळेल. तीन महिने थांबा.

मग बसा समोरासमोर, या क्रमाने:

१. आधी विचारा, लकी फ्रेंड आहात का? असाल तर तो ट्रेड राखून ठेवा. त्याच्याशी आधी साधे ट्रेड करायला गेलात तर पहिलाच ट्रेड हमखास लकी होतो आणि लकी फ्रेंडची पाटी उतरते. म्हणून लकी फ्रेंडशी त्या दिवशी एकच ट्रेड करायचा, तो स्पेशलचा. साधे ट्रेड दुसऱ्या दोस्ताबरोबर.

२. लकी फ्रेंड नसाल तर जुना माल काढा. वर्षाच्या आतला पोकेमॉन असेल तर लकीची शक्यता सुमारे वीसात एक, वर्ष उलटलं की दहात एक, तीन वर्षांच्या पुढे पाचात एक. दोघांपैकी जो जुना त्याचं वय धरलं जातं असं नोंदींवरून दिसतं. म्हणून जुन्याला जुना जोडून माल जाळू नका. तुमचा जुना आणि त्याचा नवा, नंतर त्याचा जुना आणि तुमचा नवा, असं आळीपाळीने करा.

३. काय मागायचं ते आधी ठरवा. लकी निघाला तर पुढे वाढवायचा असा पोकेमॉन मागा, म्हणजे ग्याराडोस किंवा मॅचॅम्प होणारा मॅजिकार्प किंवा मॅचॉप. बदल्यात काहीही द्या. फक्त स्टारडस्टमधली निम्मी बचत वाया जाईल असा रटाटा घेऊ नका.

४. चांगल्या आयव्हीचा पोकेमॉन ट्रेडला देऊ नका. ट्रेडमध्ये आयव्ही नव्याने पडतात. त्याचा सोन्यासारखा आकडा दोस्ताला मिळत नाही आणि तुमचाही जातो. उलट ज्याची आयव्ही रद्दड आहे तोच द्या. लकी निघाला तर तिन्ही आकडे १५ येण्याची शक्यता ६४ मध्ये १ असते, रानात ती ४,०९६ मध्ये १.

तपासा, शेवटचं बटण दाबण्याआधी: स्क्रीनवर स्टारडस्ट किती कापणार ते वाचलं का? दोन्ही फोनवर बरोबर पोकेमॉन आहे का? एकदा ट्रेड झालेला पोकेमॉन पुन्हा ट्रेड होत नाही, परत मागायची सोय नाही. शॅडो पोकेमॉन (खेळातल्या टीम रॉकेटकडून सोडवलेले) ट्रेड होत नाहीत. मेल्टन आणि मेलमेटल सोडले तर मिथिकल (खास दुर्मिळ गटातले) पोकेमॉनही होत नाहीत. त्यांची बोली लावून भांडू नका.

जाता जाता, दोन्ही पोकेमॉन एकमेकांपासून १०० किलोमीटरपेक्षा लांब धरलेले असतील तर कँडी (पोकेमॉन वाढवायला लागणारी दुसरी वस्तू) जास्त मिळते. अंतर नकाशावरचं सरळ रेषेतलं. वर्ध्याला धरलेला आणि नागपूरला धरलेला असेल तर भरत नाही. यवतमाळचा आणि नागपूरचा भरतो, अमरावतीचा आणि नागपूरचाही भरतो. एखादा दोस्त नागपूरला राहत असेल तर त्याला सांगून ठेवा की तिकडचे चार-दोन जपून आण.

टप्पा ६: ट्रेडनंतर

लकी पोकेमॉनची पार्श्वभूमी सोनेरी चमकते. लगेच स्टारडस्ट ओतू नका. आधी आयव्ही पाहा, मग तो पुढे कशात बदलतो आणि तुम्हाला तो रेडला लागतो की जिमला, ते ठरवा. शायनी वाढवली म्हणून लढाईत जास्त मारत नाही. रंगाचाच फरक असतो. स्टारडस्ट कमी असेल तर शायनी नुसती मिरवायला ठेवा आणि ताकद लकीवर घाला.

हाती आलेल्या शायनीला आणि लकीला तारा लावून फेव्हरिट करा, म्हणजे घाईत ट्रान्सफर होणार नाहीत. ट्रेडमधून आलेला पोकेमॉन पुन्हा ट्रेडला चालत नाही, म्हणून जो लकी निघाला नाही आणि लढाईत कामाचा नाही तो बेलाशक ट्रान्सफर करा. त्याची कँडी घ्या, जागा मोकळी करा आणि त्या जागेत आज धरलेला एखादा नवा पोकेमॉन पुढच्या वर्षासाठी ठेवून द्या.